न फुगलेले वाल

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की जालन्यात सकाळी अंगावर शाल लागते आणि मला गोवऱ्यांचा वास येऊ लागतो. खरं म्हणजे आमच्या कॉलनीत चूल कोणाकडेच नाही, आणि बंब होते तेही गीझर आल्यापासून अडगळीत गेले. तरी वास येतो. आधी गोवरीचा, मग तिच्या मागून भाजलेल्या खोबऱ्याचा. मी चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत उभी राहते आणि नाकानं इकडेतिकडे शोधत बसते. नवरा म्हणतो, "आला वाटतं तुझा हिवाळा." त्याला थट्टा करायला वर्षातून एकदा मिळते, म्हणून मी ती करू देते.

यंदा त्या वासाला एका भांड्याचं निमित्त मिळालं. औरंगाबादला एका प्रदर्शनात गेले होते, पडद्याचं कापड बघायला. तिथं एका टेबलावर विजेवर चालणारं, मंद आचेवर शिजवणारं भांडं मांडलं होतं. आत चिनी मातीचा जाड हंडा, वर काचेचं झाकण. विकणारी पोरगी पोपटासारखी बोलत होती. "मॅडम, सकाळी सगळं आत घालायचं, झाकण लावायचं आणि नोकरीला जायचं. संध्याकाळी आलात की जेवण तयार. मध्ये उघडून बघायचंसुद्धा नाही. परदेशात सगळ्या नोकरीवाल्या बायका हेच वापरतात."

मला हसू आलं. तिला वाटलं मी किंमत ऐकून हसले, म्हणून तिनं लगेच थोडी कमी केली. मी म्हटलं, "तसं नाही गं, माझ्या आईकडं होतं असलं." तर ती म्हणाली, "कोणत्या कंपनीचं?" मी पैसे दिले आणि भांडं घेऊन आले. पडदे राहिले.

आई सध्या माझ्याकडेच असते. तिनं त्या भांड्याभोवती एक फेरी मारली, झाकणावर बोट वाजवलं आणि विचारलं, "फुफाटा कुठं टाकायचा ह्यात?"

"फुफाटा नसतो आई. करंट असतो."

"अन् लाईट गेल्यावर?"

प्रदर्शनात एवढी गर्दी होती, पण हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. आमच्याकडे दिवसातून दोनदा वीज जाते, ती कधी येईल ते वीज मंडळालाही ठाऊक नसतं. दिवसभर शिजणारं भांडं घ्यायचं आणि राहायचं जालन्यात, हे शहाणपण माझंच.

आमचं गाव बदनापूरच्या अलीकडे, रुळापासून हाकेच्या अंतरावर. दादा म्हणजे माझे वडील. चार एकर कोरडवाहू जमीन आणि गावचं टपाल, अशी त्यांची दोन कामं. टपालाचं काम ओसरीवरच्या लाकडी पेटीत मावायचं आणि दादांना ते जास्त आवडायचं. जमीन आईच बघायची. कापसाची वेचणी लागली की सकाळची पॅसेंजर धडधडत गेली रे गेली, ती ओटीला फडकं बांधून निघायची, ते दिवस मावळताना परत. केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे.

आणि तरीही त्या दिवसांत आमच्याकडे मटण व्हायचं. घरातल्या चुलीवर ते चढत नसे. का, ते कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मटणाचं गाडगं वेगळं, पळी वेगळी, जागाही वेगळी. गोठ्याच्या भिंतीला लागून गुडघाभर खोल एक खड्डा होता. आई पहाटे त्यात गोवऱ्या पेटवायची. धूर संपून त्या लालभडक झाल्या आणि मोडायला लागल्या की अर्धा फुफाटा, म्हणजे तो निखाऱ्यांचा चुरा, काठाला ओढून घ्यायची. गाडग्यात मटण, रात्री भिजवलेले वाल, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, मीठ, पाणी. झाकण ठेवून कडेनं कणकेची वळी दाबायची, गाडगं खड्ड्यात बसवायचं आणि वरून, बाजूनं, सगळीकडून गरम राख ओढायची. वर घमेलं पालथं. मग पदर झटकून रानात.

दिवसभर त्या खड्ड्याकडे कोणी बघायचं नाही असा दंडक होता. "मधी उघडायचं न्हाई. धग जाती," एवढंच ती म्हणायची. मी तिसरी-चौथीत असताना एकदा भर दुपारी वळी फोडून आत डोकावले होते. परत झाकून ठेवलं, राख ओढली, कोणाला कळणार? संध्याकाळी मटण दातानं तुटेना. आईनं काही विचारलं नाही. ती तेच चघळत जेवली आणि मलाही तेवढंच वाढलं. तेव्हापासून मला कोणतंही झाकण उघडताना आईची आठवण होते. आता मी शिकवते त्या शाळेत, प्रयोगशाळेत पोरं परीक्षानळी सारखी वर उचलून बघतात, तेव्हा मी जे ओरडते ते आईचंच ओरडणं असतं. फक्त आई ओरडायची नाही.

संध्याकाळी ती हात धुऊन थेट खड्ड्याकडे जायची. काडीनं राख बाजूला करायची. वळी खरपूस झालेली असायची, ती फोडून आधी माझ्या हातात. ती खायला मिळावी म्हणून मी दिवसभर शहाण्यासारखी वागलेली असायचे. मग झाकण निघायचं. कुकरच्या शिट्ट्यांनी शिजलेल्या मटणाला तसा वास येत नाही, हे मी कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे. शिट्ट्या म्हणजे नुसती घाई. गाडग्यातलं मटण हाडापासून आपण होऊन सुटलेलं असायचं आणि वाल सालीसकट लोण्यासारखे. रस्सा दाट व्हायचा तो वालानं. ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात घातली की दादा टपालाचंसुद्धा बोलत नसत.

ते वाल साधे नव्हते. काळपट तांबडे, बोटाच्या पेराएवढे, एका कडेला पांढरी रेघ. गावात दुसऱ्या कोणाच्या कुडावर तसला वेल नव्हता. आईनं लग्नात येताना माहेराहून आणलेलं ते बी. तिचं माहेर गोदावरीच्या काठाला होतं. होतं म्हणायचं, कारण धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. मी ते कधी पाहिलेलं नाही. आईकडे त्या गावचं एक तांब्याचं भांडंही नव्हतं, फोटो तर दूरच. होता तो कुडावरचा वेल. तो दरसाल आषाढात लावायचा, हिवाळ्यात जांभळ्या फुलांनी भरायचा आणि माघात त्याच्या शेंगा वाळायच्या. खायचे वाल पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. बियाण्याचे वेगळे, राखेत घोळून एका छोट्या गाडग्यात. गाडग्याचं तोंड शेणानं लिंपलेलं आणि ते उतरंडीच्या सगळ्यात वर. आम्हा पोरांना उतरंडीला हात लावायची मुभा होती, पण वरच्या गाडग्याला नाही.

मी नववीत होते त्या हिवाळ्यात मामा आला. आईचा धाकटा भाऊ, पाच वर्षांनी. गाव उठल्यावर तो तिकडं बार्शीकडे जाऊन राहिला होता, चार ठिकाणी काम करत. रविवारी सकाळी तो हातात पळसाच्या पानांचं पुडकं घेऊन दारात उभा राहिला. पुडक्यात बदनापुरातून घेतलेलं मटण होतं. आई नुकतीच रानात गेली होती. मजूर बायांना बोलावलेलं, तिला परत बोलावणं शक्य नव्हतं. मामा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. उगं कशाला खोळंबा तिचा? सांजच्याला येईलच की."

मग ओसरीवर टेकत त्यानं मला विचारलं, "निमे, अक्का अजून फुफाट्यातलं मटण करती का गं? वाल घालून? आमची माय करायची तसं?"

"करती की."

"लई दिवस झाले खाऊन," तो म्हणाला. मागितलं नाही त्यानं. पण त्याचा तो सूर ऐकून मी ठरवलं की आज आई यायच्या आत मी ते करून दाखवणार. चौदा वर्षांच्या मुलीला पाहुण्यासमोर काहीतरी करून दाखवायची किती हौस असते, ते चौदा वर्षांच्या मुलीलाच ठाऊक.

डबा उघडला तर वाल संपलेले. तळाला चार-दोन दाणे आणि सोंडे. मी दादांकडे गेले. दादा पेपर वाचत होते. मी म्हटलं, "वाल न्हाईत डब्यात."

"बघ की दुसरीकडं कुठं असतील. घाल, तुझी आई घालती तसे," दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

दुसरीकडे कुठं आहेत, ते मला माहीत होतं. हे मी आज कबूल करते. मला ते चुकून सापडले नाहीत. मी बाहेर जाऊन कुडावरचा वेल बघितला. तो जांभळ्या फुलांनी लहडलेला होता. मी हिशोब केला की एका गाडग्यात मावतील त्याच्या दहापट शेंगा महिन्या-दोन महिन्यांत इथं वाळणार आहेत. मग हे बी ठेवून काय करायचं? गणितात मला तेव्हा चांगले मार्क पडत. मी उतरंड उतरवली, वरच्या गाडग्याचं शेण फोडलं आणि सगळे वाल परातीत ओतले. राख उडून मला दोन शिंका आल्या.

रात्रभर भिजवायला वेळ नव्हता. मी कोमट पाण्यात घातले आणि दुपारपर्यंत वाट बघितली. मग निवडायला बसले. हे आईनं मला लहानपणीच शिकवलं होतं. भिजलेले वाल एकेक करून बोटानं दाबून बघायचे. फुगलेले ठेवायचे आणि जसेच्या तसे टणक राहिलेले काढून टाकायचे. त्यांना गणंग म्हणतात. गणंग दिवसभर फुफाट्यात ठेवला तरी शिजत नाही, दाताखाली खड्यासारखा लागतो. पाहुण्याच्या ताटात गणंग निघाला तर घरच्या बाईची शोभा होते. त्या दिवशी भिजवण कमी पडल्यामुळे असेल, गणंग बरेच निघाले. मी ते मूठभर दाणे न्हाणीच्या मागे मोरीच्या पाण्यात फेकून दिले आणि उरलेले मटणात घातले. बाकी सगळं आईसारखं केलं. वळी दाबली, राख ओढली, घमेलं पालथं घातलं. एकदाही उघडून बघितलं नाही.

आई आली तेव्हा मामा अंगणात बाजेवर होता. आई म्हणाली, "वाळला की रे," आणि मामा म्हणाला, "तू बी." एवढंच बोलणं. मग आईला वास आला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. माझी छाती अशी फुगली की काय सांगू.

जेवायला बसलो. मामानं पहिला घास घेतला आणि थांबला. रश्शातला एक वाल त्यानं बोटावर उचलला, चिमणीच्या उजेडात धरला, उलटा करून पांढरी रेघ बघितली. "अक्का," तो म्हणाला, "हे तर मायच्या कुडावरचे."

"व्हय."

"गाव सोडताना आम्ही दारं नेली, चौकटी नेल्या, आढं नेलं. चुलीचे दगडबी नेले मायनं. वेलाचं कोणालाच सुचलं न्हाई बघ." मग तो हसला आणि डोळे पुसले. "जरा तिखट झालंय," असं म्हणाला. ते बिलकुल तिखट नव्हतं.

तेवढ्यात आईची नजर उतरंडीकडे गेली. सगळ्यात वरचं गाडगं नव्हतं, ते खाली भिंतीशी उघड्या तोंडानं पडलेलं होतं. आईनं ते बघितलं, मग मला बघितलं. हातातली पळी क्षणभर थांबली. मग तिनं गाडग्याच्या तळातून, जिथं वाल जास्त असतात तिथून, भरून पळी काढली आणि मामाच्या ताटात वाढली. परत वाढली. तिच्या स्वतःच्या ताटात मी बघितलं तर नुसता रस्सा होता. एकही वाल तिनं घेतला नाही.

हे सगळं लिहिताना मला कळतं की त्या जेवणाची चव माझ्या आठवणीत नाही. वास आहे, मामाचं बोट आहे, चिमणीची काजळी आहे. चव नाही.

सकाळी मामा निघाला. पिशवी खांद्याला लावून तो कुडापाशी थांबला, वेलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "अक्का, मूठभर बी दे मला. माझ्या दारात लावतो. तिकडची माती काळी हाये, लागंल बराबर."

मी ओसरीवर होते. आई म्हणाली, "या साली न्हाई रे. फुलावर आलाय वेल, बघ की. पुढच्या साली देते." तिनं माझं नाव घेतलं नाही. मामा म्हणाला, "मंग काय, मी येतोच की पुढच्या साली," आणि सडकेकडे वळला. आई तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती.

परत आली तेव्हा मी उंबऱ्यातच होते. ती म्हणाली, "बी होतं ते, निमे."

"माहीत होतं मला."

"बरं," ती म्हणाली.

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या 'बरं'नं वाटलं. ती न्हाणीकडे गेली, पाणी तापवायला. बराच वेळ आली नाही. मी आडोशानं बघितलं तर ती मोरीपाशी खाली वाकून बसली होती, पाठ माझ्याकडे आणि पदर तोंडावर ओढलेला. आईला रडताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं आणि बघायची हिंमतही नव्हती. मी तशीच मागं फिरले आणि पुढचे किती तरी दिवस न्हाणीच्या मागे गेलेच नाही.

तरी वेल होता. मी रोज शाळेत जाताना आणि येताना त्याच्याकडे बघायचे. फुलं गळून इवल्या शेंगा धरायला लागल्या होत्या. आणि मग धुई पडली. आमच्याकडे दाट धुक्याला धुई म्हणतात. ती धुक्यासारखी छान वगैरे नसते. शेतकरी तिचं नाव घेतानाही तोंड वाकडं करतो. तीन दिवस सूर्य दिसला नाही, रुळावरून गाडी गेली तर फक्त आवाज यायचा. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा तुरीचा फुलोरा जमिनीवर पडलेला होता आणि आमच्या कुडावरच्या वेलाची पानं काळी पडली होती. मागून माव्याची कीड आली. आठ दिवसांत वेल चिकट, काळा, वाळका झाला. एक शेंगसुद्धा हाती लागली नाही.

त्या दिवशी मी गोठ्यामागे जाऊन रडले. आवाज न करता रडायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही. मला वाटलं, गाव पाण्यानं बुडवलं ते बुडवलं, त्यातलं जे एक वर राहिलं होतं ते मी मसाला लावून खाऊ घातलं. चौदाव्या वर्षी माणूस असलं मोठं मोठं बोलतं, पण मला आजही त्यातला शब्द कमी करावासा वाटत नाही. आई शेणाची पाटी घेऊन तिकडून गेली. तिनं मला बघितलं. पाटी खाली ठेवून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परत पाटी उचलून गेली. त्यानंतर वालाचा विषय आमच्या घरात निघाला नाही. मटण झालं तेव्हा त्यात हरभऱ्याची डाळ पडली. दादा एकदा म्हणाले, "पहिल्यासारखं न्हाई लागत," आणि आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुढचा महिनाभर चवीबद्दल काही बोलले नाहीत.

पाऊस चांगला पडून महिना झाला असेल. मी पाणी तापवायला काटक्या आणायला म्हणून न्हाणीच्या मागे गेले आणि कुडाच्या पायाशी वेल दिसले. दोन दोन पानं, देठाला जांभळी झाक. मी मोजले. अकरा होते. मी धावत आईला बोलावून आणलं. "आई, गणंग उगवले. मी फेकलेले. फेकलेले उगवले." आई पदराला हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "उगवले की." मग तिनं जाऊन सुतळी आणली आणि आम्ही दोघींनी वेलांना आधार बांधला. त्या दिवशी मी जेवताना इतकं बोलले की दादांनी मला दोनदा पाणी पी म्हणून सांगितलं.

त्या हिवाळ्यात आईनं एकही शेंग खुडू दिली नाही. मामाला यायला जमलं नाही, म्हणून माघात तिनं मूठभर वाल फडक्यात बांधले, दादांनी ते फडकं शिवलं, लाख लावली, पत्ता लिहिला आणि आपल्याच ओसरीवर आपल्याच हातानं शिक्का मारला. पुढच्या पावसाळ्यात मामाचं कार्ड आलं. "वाल लावले. आठ उगवले. अक्काला सांगणे." दादांनी ते कार्ड आईला चार वेळा वाचून दाखवलं.

पुढं मी शिकले, विज्ञानाची शिक्षिका झाले, जालन्यात आले. वाल माझ्याबरोबर आले. ते आता आधीपेक्षा हट्टी झालेत असं आईचं म्हणणं. गणंगाचीच अवलाद ती, रात्रभर भिजवले तरी पाच-दहा दाणे डोळे वटारून बघत असतात. शास्त्राच्या दृष्टीनंही तिचं म्हणणं चूक नाही. कठीण सालीचं बी पाणी लवकर आत घेत नाही, मातीत पडून राहतं आणि आपल्या सवडीनं उगवतं. बीजांकुरणाचा धडा आला की मी दरवर्षी वर्गात ही गोष्ट सांगते. फळ्यावर न्हाणी काढते, कूड काढते आणि कुडाच्या पायाशी अकरा रोपं काढते. फेकून दिलेलं बीसुद्धा कसं आपोआप उगवतं, ते मुलांना पटवते. पंधरा वर्षं सांगत आले.

यंदा दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, तुम्ही फेकले होते ना ते?"

"हो."

"मग एका ओळीत कसे उगवले?"

मी फळ्याकडे वळून बघितलं. अकरा रोपं, एका रेषेत, एकेक वीत अंतरावर. मी दरवर्षी ती तशीच काढत होते, कारण ती तशीच होती. वर्ग माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, "सोमवारी सांगते," आणि आयुष्यात पहिल्यांदा घंटा व्हायच्या आधी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी रात्रीच वाल भिजवले होते. सकाळी ते निवडले, मटण आणलं, सगळं त्या नव्या हंड्यात घातलं आणि खटका दाबला. काचेच्या झाकणाला आतून वाफ धरली. आई खुर्ची ओढून समोर बसली, टीव्ही बघावा तशी. दुपारी एकच्या सुमाराला दिवा विझला. वीज गेली. आईचं तोंड मला दिसत होतं.

मीही तिच्यापाशी बसले. निवडलेले गणंग वाटीत होते, ते ओट्यावरच राहिले होते. मी विचारलं, "आई, ते वाल तू लावले होते ना?"

"कोणचे?"

"न्हाणीमागचे. मी फेकलेले."

आई वाटीतले दाणे बोटानं हलवत राहिली. मला वाटलं तिला आठवत नसेल. मग म्हणाली, "सतरा सापडले होते. मामा गेला त्या सकाळी. पार चिखलात रुतून बसल्ते. एकेक येचून काढला, पदरात पुसला अन् ठेवला."

त्या सकाळी ती रडत नव्हती तर. वेचत होती. तिची पाठ, वाकलेली मान, तोंडावरचा पदर, सगळं पंचवीस वर्षं माझ्याजवळ होतं आणि मी ते चुकीचं वाचत होते. मला एकदम राग आला. "मग मला का नाही सांगितलंस? वेल गेला तेव्हा मी गोठ्यामागे किती रडले. तू बघितलंस ना? एका शब्दानं सांगायचं होतंस, की आहेत, ठेवलेत मी."

"गणंग ते," आई म्हणाली. "उगवतील का न्हाई, मलाच कुठं ठावं होतं? तुला सांगून आस लावायची अन् मंग न्हाई उगवले तर? एकदा रडलीस तेवढं बस झालं म्हणलं."

हात रिकामे नको म्हणून मी उठले आणि हंड्याच्या झाकणाला हात घातला, उगीच, मटण कुठवर आलंय ते बघायला.

"ऱ्हाऊ दे झाकण," आई म्हणाली. "धग हाये अजून आत."